अंगातील पारा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

(डहाणू-तलासरी भागातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा आजचा विषय खरे म्हणजे भाताची बीजप्रक्रिया हा होता. परंतु मेळावा सुरू होण्यापूर्वी घोलवडकडच्या एका चिकू बागायतदारांनी माझ्या हातात गोळ्यांची एक बाटली ठेवली. क, ई आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे आणि सोबत सेलेनियम, असे तिच्यावर छापले होते. विकणाऱ्याने त्यांना सांगितले होते की, या गोळ्या तीन महिने घेतल्या म्हणजे अंगात साठलेला पारा निघून जातो. या गृहस्थांच्या वडिलांनी पुष्कळ वर्षे भाताच्या बियाण्याला पारायुक्त भुकटी चोळली होती, तीही उघड्या हातांनी. घरात मासे रोजचे. वीज केंद्राची चिमणीही गावाहून दिसते. तेव्हा, "साहेब, या गोळ्या घ्याव्यात की नाही?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. बीजप्रक्रिया आणि हा प्रश्न यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. म्हणून आज याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

प्रथम पारा अंगात येतो कसा, ते पाहू. पारा तीन रूपांत भेटतो. थर्मामीटरमधला चकाकणारा द्रव पारा हे पहिले रूप. तो गिळला गेला तर आतड्यातून फारसा शोषला जात नाही. परंतु त्याची वाफ श्वासावाटे गेली तर ती रक्तात आणि मेंदूत पोचते. दुसरे रूप क्षारांचे, म्हणजे असेंद्रिय पाऱ्याचे. त्याचा मारा मुख्यतः मूत्रपिंडावर होतो. तिसरे रूप सेंद्रिय पाऱ्याचे. 'सेंद्रिय' हा शब्द आपण हल्ली चांगल्या अर्थाने वापरतो, पण इथे तो तसा समजू नये. त्यातला मिथिल पारा हा सर्वांत वाईट. तो खाल्ल्यावर जवळजवळ सगळाच शोषला जातो, मेंदूत शिरतो आणि गर्भवती स्त्रीच्या वारेतून पोटातल्या बाळापर्यंत जातो. खाडीच्या आणि तळ्याच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे, काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तेथून तो सूक्ष्म जीवांत, त्यांच्यापासून लहान माशात आणि लहान माशांपासून मोठ्या माशात चढत जातो. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते.

दगडी कोळशात पारा अत्यल्प प्रमाणात असतो आणि कोळसा जाळला की त्यातला बराचसा हवेत जातो. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. त्याआधी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी पुष्कळ वर्षे त्याचे काम पाहिले, हे आपणापैकी अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्या काळी सगळी चर्चा गंधकाची आणि राखेची होती. कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा आपल्या देशात प्रथम घातली गेली ती डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने. चिमणीतून निघणारा पारा सगळाच गावात पडत नाही. वाफेच्या रूपातला पारा महिनोन्महिने हवेत राहून हजारो किलोमीटर जातो. म्हणजे आपल्या समुद्रातल्या माशातला पारा केवळ आपल्याच चिमणीचा, असे म्हणता येत नाही. तसेच चिमणी दिसते म्हणजे अंगात पारा भरला, असेही नाही. अंगात किती पारा आहे ते रक्ताच्या, लघवीच्या किंवा केसांच्या तपासणीवरूनच कळते.

आपल्या व्यवसायातून येणारा पारा मात्र थेट आपल्या हातातून येत होता. सेरेसान, ॲग्रोसान, पुढे एमिसान ही नावे पन्नाशीच्या वरच्या शेतकऱ्यांना आठवत असतील. ही सर्व सेंद्रिय पाऱ्याची बुरशीनाशके. बियाण्याला चोळण्यासाठी त्यांची शिफारस शेतीच्या पुस्तिकांतूनच होत असे आणि आम्ही विस्तार कार्यकर्त्यांनीही ती केली, हे मी इथे लपवून ठेवणार नाही. यातली जुनी द्रव्ये आधीच बंद झाली होती. शेवटचे, म्हणजे एमिसानमधले मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड, ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने देशात बंद झाले.

या भुकटीने काय होऊ शकते, याचा सर्वांत मोठा दाखला इराकचा आहे. १९७१ च्या अखेरीस तिथल्या शेतकऱ्यांना मिथिल पाऱ्याची प्रक्रिया केलेले गव्हाचे बियाणे वाटण्यात आले. खाण्यासाठी नाही हे कळावे म्हणून ते लाल रंगवलेले होते. पण पोत्यांवरचा इशारा परक्या भाषेत छापलेला होता आणि पुष्कळ ठिकाणी बियाणे पोचले तेव्हा पेरणी होऊन गेली होती. दारिद्र्यात आलेला गहू कोण टाकणार? लोकांनी तो धुतला. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिला. कोंबड्या चार-आठ दिवस धडधाकट राहिल्या. मग घरोघरी त्याच्या भाकऱ्या झाल्या. काही आठवड्यांनी तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या, चाल लडखडू लागली, बोलणे अडखळू लागले, नजर अरुंद झाली. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. त्यांना पारा बाहेर काढणारी औषधे दिली गेली. रक्तातला पारा लवकर उतरलाही, पण मेंदूची झालेली हानी त्याने फारशी भरून आली नाही. हा शेवटचा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. पारा कमी होणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटलीवाला पहिलीचे आश्वासन देऊन दुसरीचे पैसे घेतो.

आता त्या बाटलीकडे वळू. तिच्यात जे आहे ते सर्व निरुपयोगी आहे, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल.

सेलेनियमपासून सुरुवात करतो, कारण खरा दम त्यातच आहे. सेलेनियम हे जीवनसत्त्व नव्हे. जस्त, लोह यांच्यासारखे ते अत्यल्प प्रमाणात लागणारे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे. पाऱ्याला गंधकाची ओढ फार. आपल्याकडे हिंगूळ म्हणतात तो पारा आणि गंधक यांचाच संयोग. शरीरातल्या प्रथिनांत गंधक असते, त्यालाच पारा जाऊन चिकटतो आणि प्रथिनाचे काम बंद पाडतो. परंतु गंधकापेक्षाही पाऱ्याला सेलेनियमची ओढ जास्त. १९६७ मध्ये पारिझेक आणि ओष्टादालोव्हा या चेक शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवले की, सेलेनियम दिल्यास पाऱ्याच्या क्षारांनी होणारी मूत्रपिंडाची हानी टळते. १९७२ मध्ये अमेरिकेत जपानी लाव्यांवर प्रयोग झाला. ज्यांच्या खाद्यात मका-सोयाबीनसोबत मिथिल पारा होता ते लवकर मेले. ज्यांना तेवढाच पारा पण कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मांसासह मिळाला ते जास्त जगले, कारण माशात सेलेनियम असते. पुढे याच लाव्यांवर ई जीवनसत्त्वाचाही असाच संरक्षक परिणाम दिसून आला.

पण हे संरक्षण कोणत्या प्रकारचे? स्लोव्हेनियातील इद्रिया येथे पाऱ्याची जुनी खाण होती. तेथील मृत खाणकामगारांच्या अवयवांची तपासणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या अवयवांत पारा भरपूर होता आणि त्याच्या जोडीला जवळजवळ तेवढेच अणू सेलेनियमचे होते. म्हणजे पारा गेलेला नव्हता. तो बांधला गेला होता. आपल्या कोकणातल्या तांबड्या जमिनीत स्फुरद लोहाला आणि ॲल्युमिनियमला बांधला जातो, तसेच हे. माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर दिसतो, पण पिकाला तो मिळत नाही. स्फुरदाच्या बाबतीत हा आपला तोटा, पाऱ्याच्या बाबतीत फायदा. पण 'निघून गेला' हे दोन्हीकडे खोटेच.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली पाहिजे. चीनमध्ये वानशान या पाऱ्याच्या खाणीच्या भागात शंभरेक रहिवाशांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. निम्म्या लोकांना सेलेनियमयुक्त यीस्ट रोज १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम मिळेल इतके तीन महिने दिले. त्यांच्या लघवीतून पारा जास्त बाहेर पडू लागला. म्हणजे सेलेनियमने पारा मुळीच बाहेर पडत नाही, असेही नाही. परंतु ते लोक खाणीच्या पाऱ्यात वर्षानुवर्षे राहिलेले होते, त्यांची तपासणी होत होती आणि मात्रा मोजून दिली होती. त्या एका चाचणीवरून घोलवडच्या माणसाने दुकानातली बाटली घ्यावी, असे मी म्हणणार नाही.

न म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. सेलेनियमची गरज आणि त्याचे विष यांच्यातले अंतर फार थोडे आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते, आणि ४०० च्या वर जाऊ नये असे तज्ज्ञ सांगतात. जास्त झाले की केस गळतात, नखे ठिसूळ होऊन निघतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात काही गावांच्या जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथला चारा खाऊन जनावरांचे केस झडतात, खूर तडकून गळून पडतात, आणि हे पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. जनावराच्या खुरावर दिसते ते आपल्या नखावरही दिसू शकते.

क जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. ते पारा ओढून बाहेर काढते अशी जाहिरात फार होते. माणसांना ते शिरेवाटे मोठ्या मात्रेत देऊन लघवीतला पारा मोजण्याचा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पारा वाढून बाहेर पडल्याचे दिसले नाही. क जीवनसत्त्व आपल्याला हवेच आहे, अन्नातले लोह शोषले जाण्यासाठी तर फारच. पण ते पेरू आणि आवळ्यातून स्वस्तात मिळते. ब-१२ बद्दलही तेच. कमतरता असेल तर डॉक्टर देतील. पाऱ्यावर औषध म्हणून ते घेण्याला आधार नाही.

गोळ्यांपेक्षा मला स्वतःला अन्नाबद्दलची निरीक्षणे जास्त महत्त्वाची वाटतात. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात तापाजोस नदीकाठचे लोक रोज मासे खातात आणि त्या माशांत पारा आहे. तिथल्या एका खेड्यातल्या २६ स्त्रियांनी वर्षभर आपल्या आहाराची रोज नोंद ठेवली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, सारखेच मासे खाऊनही ज्या स्त्रिया फळे जास्त खात, त्यांच्या केसांत पारा कमी होता. नेमके कशामुळे हे ठरलेले नाही, पण फळातल्या तंतूंचा हात असावा. मिथिल पारा पित्तावाटे आतड्यात उतरतो आणि तिथून पुन्हा शोषला जातो; असे त्याचे रहाट चालू असते. आतड्यात तंतू असतील तर या फेऱ्यातला काही पारा शौचावाटे निसटतो. उंदरांना गव्हाचा कोंडा भरपूर घातल्यावर मिथिल पारा लवकर बाहेर पडल्याचे दिसले आहे. चिकूवर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही, तेव्हा '२०१६ चे भौगोलिक मानांकन मिळालेला आमचा डहाणू घोलवड चिकू पारा काढतो' अशी पाटी कोणी लावू नये! पण आपल्या बागेतला चिकू, घरची नाचणी, पावसाळ्यातला टाकळा हे तंतूंचे घर आहे. बाटलीचा खर्च करण्याआधी ते तरी पोटभर खावे.

आणि पारा आत येणे थांबले की शरीर आपले काम करतेच. मिथिल पारा दर दीड ते अडीच महिन्यांत साधारण निम्मा होतो. पन्नास दिवसांचा हिशेब धरला तर पन्नास दिवसांनी निम्मा, शंभर दिवसांनी पाव, दीडशे दिवसांनी दोन आणे. बाटलीवाला 'तीन महिने घ्या' म्हणतो ते उगीच नाही. त्या तीन महिन्यांत मोठा मासा सोडला तर पारा उतरणारच, आणि श्रेय बाटलीला जाणार.

येणे थांबवले की काय होते, याचा जवळचा दाखला अकोल्याचा आहे. तिथल्या एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि कारण सापडेना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की तिघीही त्वचा उजळ करणारे एकच मलम लावत होत्या आणि त्या मलमात पारा होता. ही हकिकत २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आली. केरळातही अशाच मलमांनी मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण त्याच सुमारास आढळले. त्यांतल्या अनेकांची प्रकृती मलम बंद केल्यावर सुधारली. बाजारात विनालेबल डबीतून मिळणारी गोरेपणाची मलमे आणि कोणीतरी पुडीतून दिलेली भस्मे यांपासून म्हणूनच दूर राहावे. आयुर्वेदाला माझा विरोध नाही; ज्याच्यावर परवाना क्रमांक नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि देणारा वैद्य नाही, त्याला आहे.

आता माशांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवले की, मिथिल पारा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये. आपल्याकडची ४५ किलो वजनाची स्त्री धरली तर ७२ मायक्रोग्रॅम. समजा, एखाद्या मोठ्या शिकारी माशात किलोला अर्धा मिलिग्रॅम पारा आहे. तर त्याच्या १४४ ग्रॅम तुकडीतच आठवड्याची मर्यादा संपली. समजा, लहान माशात त्याचा दहावा हिस्सा आहे. तर तीच मर्यादा गाठायला जवळजवळ दीड किलो मासे लागतील. म्हणून मुशी, कुपा, मोठी सुरमई असे मोठे, दीर्घायुषी, इतर मासे खाणारे मासे गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांना देऊ नयेत. मांदेली, तारली, जवळा, कोलंबी हे अन्नसाखळीत खालचे आणि अल्पायुषी. ते बिनधास्त खावेत. मासेच सोडा, असे मी कदापि सांगणार नाही. प्रथिने, सेलेनियम आणि ब-१२ हे सगळे त्या स्वस्त मांदेलीत आहे. बाटलीत जे विकत घ्यायचे, त्यातले पुष्कळ ताटात आधीच आहे.

आज ज्यासाठी बोलावले होते त्याबद्दल. भाताच्या बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडावे, तरंगणारे पोल व रोगट दाणे काढून टाकावेत, तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि किलोला अडीच ते तीन ग्रॅम थायरम चोळावे. पाऱ्याची गरज नाही. थायरम चोळतानाही हातमोजे हवेत, आणि प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे दळायला किंवा कोंबड्यांना घालू नये. इराक विसरू नका.

ज्यांच्या माळ्यावर जुना डबा आहे, त्यांनी तो उघडू नये, जाळू नये, पुरू नये. खाडीत किंवा विहिरीत तर मुळीच टाकू नये. दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, वर 'विष' असे लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. ज्या बागायतदारांनी बाटली दिली, त्यांना मी विचारले, "तुमच्याकडे डबा आहे का?" ते म्हणाले, "आहे, माळ्यावर, बियाण्याच्या कणगीशेजारी." त्यांनी बाटली परत करावी आणि डबा आजच कणगीपासून हलवावा.

शेवटी तलासरीच्या एका मावशींनी विचारले ते सांगतो. त्यांची सून पाचव्या महिन्यात आहे. उधव्याच्या बाजारात सुके बोंबील स्वस्त मिळतात. द्यावेत का? द्यावेत. सुकवल्याने किंवा शिजवल्याने पारा जात नाही. उलट पाणी उडून गेल्याने वजनाच्या मानाने तो दाट होतो. पण सुका मासा आपण खातो किती? कालवणात चार-पाच. हा मासा आकाराने लहान, एवढ्याने भीती नाही. मात्र सुक्या बाजारात मुशीच्या पट्ट्याही मिळतात. त्या सुनेला देऊ नका. सुक्या माशातले मीठ धुऊन घ्या आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र चुकवू नका. त्या गोळ्या तिच्यासाठीच आहेत.